हरभऱ्याखालचा रस्ता

“पानी तरी घ्या जी वकीलबाई. घोटभर पान्यानं असं का बिघडते?”

दादाराव तिसऱ्यांदा विचारत होते. हातात चिंचेनं घासलेला पितळेचा तांब्या, त्यावर उपडा पेला. मागे ओसरीवर त्यांची बायको शांताकाकू पदर खोचून उभी. आणि आतून पाटोडीच्या रश्श्याचा असा घमघमाट येत होता, की डब्यातल्या माझ्या दोन गार पोळ्या आठवून मला रडूच यायचं बाकी होतं.

“नको दादाराव. आज मी पाहुणी नाही. कोर्ट कमिशनर म्हणून आले आहे.”

“मंग? कमिशनरले तहान नाई लागत?”

लागते हो! भूकही लागते. पण हे मी बोलले नाही. चष्मा सारखा केला आणि फाइल उघडून उगाच त्यात पाहिलं.

मी आता पिपरी मेघेला राहते, पण वकिली सगळी कारंज्याच्या कोर्टात झाली. आमच्याकडचे दिवाणी दावे म्हणजे शेताचा धुरा, विहीर, नाली, शेतात जायची पांदण. दिवाणी म्हणजे ज्यात कुणाला जेलमध्ये घालायचं नसतं, कोणाचं काय आणि किती, एवढंच ठरवायचं असतं. माणसं मात्र त्यात जेलपेक्षा जास्त वर्षं काढतात, ते सोडा. तर अशा जागेच्या भांडणात जजसाहेबांना दर वेळी शेतात जाता येत नाही. मग कोर्ट एखाद्या वकिलाला स्वतःचे डोळे म्हणून पाठवतं. तो कमिशनर. त्यानं दोन्ही पक्षांना नोटीस द्यायची, त्यांच्यासमोर जागा पाहायची, मोजायची, कच्चा नकाशा काढायचा, पंचनामा लिहायचा आणि गप घरी जायचं. मत द्यायचं नाही. कोणाचा दावा खरा, हे सांगायचा त्याला अधिकार नाही.

आणि कोणाच्या घरचं काही खायचं नाही. हे पुस्तकात अशा शब्दांत सापडणार नाही, पण माझ्या सीनियरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “चहा पोटात गेला की रिपोर्ट पाण्यात गेला.” दुसरी बाजू लगेच हरकत घेते, की कमिशनरबाई अमक्याच्या ओसरीवर चहा पीत होत्या. मी खाण्यावर जीव टाकणारी बाई, त्यामुळे हा नियम मला जितका जड गेला तितका कोणालाच गेला नसेल.

तर भांडण काय होतं? हायवे सोडून गावाकडे वळलं की आधी दादारावांचं शेत लागतं, शेतातच त्यांचं घर. त्यांच्या मागे कुंदाबाईची संत्र्याची बाग, बागेतच तिचं घर. कुंदाबाईचा नवरा वर्ध्याला नोकरीला, शनिवार-रविवार येणारा. बाग सगळी ती एकटी पाहते. बागेत जायची पांदण दादारावांच्या शेताच्या कडेनं जायची. जायची, असं कुंदाबाई म्हणत होती. दादारावांचं लेखी उत्तर होतं की अशी कोणतीही वाट कधीच नव्हती, वादीनं नाल्याकडून जावं-यावं. आणि त्या ‘कधीच नसलेल्या’ वाटेच्या तोंडाशी त्यांनी बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं, पुढे नांगर फिरवून हरभरा पेरला होता.

बाग फळांनी लगडलेली. व्यापाऱ्यानं पाहून ठेवलेली. पण तो म्हणाला, गाडी झाडापर्यंत येत असेल तर तोड करतो, नाहीतर दुसरी बाग पाहतो. संत्रं काही कोर्टाच्या तारखेसाठी झाडावर थांबून राहत नाही. पिकलं की गळतं. कुंदाबाईची वर्षाची मेहनत रोज थोडी थोडी मातीत पडत होती.

रस्त्यासाठी तहसीलदारांकडेही जाता येतं, पण तिनं कोर्टात दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मागितला. दाव्याचा निकाल लागेस्तोवर कोर्टानं दिलेला हा मधला आदेश. तो मिळायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. वरवर पाहता तरी तुमच्या म्हणण्यात दम आहे. आदेश न दिल्यानं तुमची जेवढी गैरसोय होईल, तेवढी दिल्यानं समोरच्याची होणार नाही. आणि तुमचं जे नुकसान होईल ते मागाहून भरून निघणारं नाही. तिसरी गोष्ट तर कुंदाबाईच्या झाडाखालीच पडली होती, कारण गळलेलं संत्रं कोणत्याही हुकूमनाम्यानं परत फांदीला लागत नाही.

अडचण पहिल्या गोष्टीची होती. ‘जैसे थे’ म्हणजे आहे तसं ठेवा, हा आदेश कोर्ट त्यातल्या त्यात सहज देतं. पण इथं आहे तसं म्हणजे काट्या आणि हरभरा! तिला हवं होतं काट्या काढायला लावणारा आदेश. तसा आदेश कोर्ट मधल्या टप्प्यावर फार हात आखडून देतं, फार भक्कम काही समोर असल्याशिवाय नाही. आणि समोर काय, तर ती म्हणते वाट होती, ते म्हणतात नव्हती. म्हणून मला पाठवलं.

नोटीस दोन्ही वकिलांना दिली होती. दादारावांच्या वकिलांचं त्या दिवशी आर्वीला दुसरं काम निघालं. पण जाण्याआधी त्यांनी दादारावांना फोनवर दम भरला होता, “बाई येतील. एक शब्द बोलायचा नाही. विचारलं तर म्हणायचं, माझ्या वकिलांना विचारा.” हे मला दादारावांनीच पहिल्या मिनिटाला सांगितलं. कुंदाबाईचे वकील आले होते, पण काट्या मोजता मोजता त्यांच्या बुटात एक घुसली. ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बूट काढून बसले ते बसलेच.

मी काट्या लिहिल्या, हरभरा लिहिला, फोटो काढले. मग कुंदाबाईला म्हटलं, “चला, बाग दाखवा.”

“कशा येता मॅडम? वाट तं बंद हाय.”

दादारावांनी बोट नाल्याकडे केलं. बोलायची बंदी होती ना.

त्या नाल्याचं वर्णन मी रिपोर्टमध्ये अडीच ओळींत केलं आहे. इथं मोकळेपणानं सांगते. चिखल, बेशरमाची झुडपं, आणि मधे एक घसरडा दगड, त्यावर माझा पाय. मी बसले. म्हणजे ठरवून नाही. फाइल तेवढी वर धरली, बाकी साडीचं काय झालं ते विचारू नका. कुंदाबाईनं हात देऊन ओढून काढलं. दोन पावलं टाकली तर पाय मुरगळलेला.

“पाहा मॅडम,” ती म्हणाली. आवाज घट्ट, पण डोळे भरलेले. “रोज मानसं अशीच आनतो मी. डोक्यावर टोपली घेऊन या नाल्यातून किती संत्रं निघन?”

बागेत झाडांखाली फळांचा सडा पडला होता. काही फुटलेली, काहींना मुंग्या लागलेल्या. तिनं एक पिवळंधमक संत्रं तोडून पुढे केलं आणि माझा चेहरा पाहून लगेच मागे घेतलं. “नाई चालत ना तुमाले? राहू द्या.” देवा रे! संत्र्याच्या बागेत उभी राहून संत्रं न खाणं ही शिक्षा कायद्याच्या कोणत्या कलमात आहे?

मी झाडं मोजत होते, तर ती आपणहून बोलायला लागली. हे भांडण हरभऱ्याचं नव्हतंच. तिच्या लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. घाई होती. नवऱ्यानं सगळ्यांना पत्रिका मोबाइलवर पाठवली. सगळ्यांत दादारावही.

“मामाजी म्हनतो मी त्यायले,” ती म्हणाली. गावच्या नात्यानं सासरे. “त्यायच्या घरी आवतन द्यायले गेलो नाई आमी. चुकलंच ना. साक्षगंधाले आलेच नाई ते. दुसऱ्या दिशी पाहतो, तं काट्या.”

आवतन म्हणजे घरी जाऊन, कुंकू लावून केलेलं बोलावणं. दादारावांच्या लेखी त्याशिवायचं बोलावणं म्हणजे बोलावणंच नाही. ज्या माणसाच्या दारातून वाटसरूही पाणी पिऊन जातो, त्याला शेजारच्या घरातलं निमंत्रण टिंग वाजून आलं! हे ऐकून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण रिपोर्टमध्ये रुसव्याचा रकाना नसतो.

परत निघायची वेळ झाली. मी चिखलानं माखलेली, एक पाय ओढत, नाल्याकडे निघाले. तेवढ्यात पलीकडून हाक आली.

“ओ वकीलबाई! थांबा, थांबा तिथंच!”

दादाराव काट्यांच्या पलीकडे उभे राहून आमच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर अशी काही लाज, जशी त्यांच्याच घरात माझ्या ताटात माशी पडली. “अशा लंगडत नाल्यातून जाता का? माह्या दारून? लोक का म्हनतीन? पानी नाई घेतलं, जेवल्या नाई, आन् वरून नाल्यात पडल्या!”

आणि काय सांगू, त्या माणसानं कोपरापर्यंत बाह्या सारल्या आणि बोरीच्या काट्या एकेक करून बाजूला ओढायला लागला.

“या, इकून या. आमचे सगळे पाव्हने इकूनच येतात-जातात.”

कुंदाबाई माझ्याकडे पाहतच राहिली. धुऱ्यावरच्या वकीलसाहेबांनी हातातला बूट खाली ठेवला.

मी जागची हलले नाही. कोर्टाचे डोळे असले तरी माणूस आहे मी, आंधळ्याला खड्ड्यात ढकलल्यासारखं मला करायचं नव्हतं. मी म्हटलं, “दादाराव, एक मिनिट. मी कमिशनर आहे. तुम्ही जे कराल ते मला लिहावं लागेल. तुमच्या वकिलांनी काय सांगितलं होतं?”

“बोलू नको म्हने. मी कुठं बोलून राह्यलो? मी पोचवून देऊन राह्यलो.”

“तेही लिहावं लागेल.”

“लिवा ना बावा! पाव्हन्याले पोचवून देनं का चोरी हाय?”

झालं. मी त्या वाटेनं निघाले. दादाराव हरभऱ्यातून आम्हाला न्यायला आले आणि पुढे झाले, हात मागे करून मला सावरत. “हरभऱ्याले भिऊ नका, पाय टाका बिनधास्त. माती वरवर हाय. खाली टनक हाय, पाय नाई फसनार.”

“टणक कसं?” मी विचारलं. एवढं विचारायचा हक्क कमिशनरला असतो.

त्यांनी चपलेच्या टोकानं माती उकरली. चार बोटांखाली लालसर मुरूम. “मीच टाकलता. कुंदी लगन होऊन आली ना, तवा पान्यापावसाचे दिवस होते. नवी नवरी चिखलातून कशी आनाव? दोन दिवस माहे बैल राबले या मुरमापायी.”

मागे चालणारी कुंदाबाई थांबली. ती त्या घरात आली तेव्हा कशावरून चालत आली, हे बहुतेक तिलाही त्या दिवशीच कळलं. मी खाली वाकले, टेप लावला आणि मुरमाची रुंदी मोजली. बैलगाडी आरामात जाईल एवढी भरली. ठिकठिकाणी माती सारून पाहिली, तर कुंपणापासून बागेपर्यंत मुरूम सलग.

पंचनाम्यावर सही करताना दादारावांनी सगळं वाचून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर हाय. पन त्यात हे बी लिवा, का बाईनं पानी नाई घेतलं.” मी लिहिलं.

रिपोर्ट दाखल झाला आणि दादारावांचे वकील माझ्यावर नाही, दादारावांवर भडकले. पण वकील हुशार होते, तारखेला त्यांनी चांगली वाट काढली. म्हणाले, “साहेब, मुरूम असेल. लोक गेलेही असतील. पण ते माझ्या पक्षकाराच्या परवानगीनं. परवानगीनं वापरलेल्या वाटेवर हक्क तयार होत नाही. परवानगी कधीही काढून घेता येते.”

हा मुद्दा तकलादू नव्हता, हे वाचकांनी लक्षात घ्यावं. दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क वर्षानुवर्षांच्या वापरानं मिळतो, पण तो वापर बिनविरोध, उघड आणि हक्कानं केलेला पाहिजे. तुम्ही दर वेळी “जाऊ का?” विचारून जात असाल, तर ती मेहेरबानी झाली, हक्क नाही. जजसाहेबांनी पेन थांबवलं. कुंदाबाईचे वकील फाइल उलटसुलट चाळू लागले. माझ्या मनात आलं, गेली बाई संत्री.

मागच्या बाकावरून आवाज आला, “परवानगी? कोनाची परवानगी?”

दादाराव उभे राहिले होते.

“वकीलसाहेब, तुमच्या पक्षकाराला बसवा,” जजसाहेब म्हणाले.

“बसवतोय साहेब. बसत नाहीत.”

“साहेब, हे का बोलून राह्यले?” दादारावांचा आवाज चढला. “माह्या दारून जायले लोकाइले परवानगी मागा लागते? असा मानूस हाय का मी? माह्या बापाच्या टायमापासून कोनी इचारलं नाई, आन् आमी कोनाले अडवलं नाई! परवानगी म्हने! इज्जत काढून राह्यले माही!”

दादारावांच्या वकिलांनी डोळे मिटले. त्यांना इज्जत नव्हती काढायची हो, केस जिंकायची होती. पण त्यांच्या अशिलाला इज्जत जास्त प्यारी होती. उघड, बिनविरोध, हक्कानं आणि बापाच्या काळापासून, सगळं त्या माणसानं रागाच्या भरात एका दमात देऊन टाकलं.

जजसाहेबांनी ओठ दाबून विचारलं, “मग काट्या का लावल्या?”

दादाराव खाली पाहू लागले. “ते रुसव्याचं हाय साहेब. रस्त्याचं नाई.”

संध्याकाळपर्यंत आदेश झाला. प्रतिवादीनं दोन दिवसांत काट्या काढाव्यात, दाव्याचा निकाल होईपर्यंत वादीच्या गाड्यांना अडवू नये. दोन दिवस लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याची गाडी हरभऱ्यावरून बागेत गेली. बरीच फळं गळली होती, पण बाग वाचली. गाडी रिव्हर्स घेताना हात दाखवायला कोण उभं होतं, ते सांगायला नको.

पण आदेश झाला म्हणजे दावा संपला असं नाही. तो तर आता सुरू होतो, साक्षी, उलटतपासण्या. जजसाहेबांनी दोघांना सुचवलं, तडजोड होते का पाहा. तसा त्यांना अधिकार आहे आणि शहाणे जज तो वापरतात. दोन तारखांनी तडजोडीचा कागद आला. रस्ता कायम, रुंदी माझ्या नकाशाप्रमाणे, हरभरा निघाल्यावर मुरूम दोघांनी मिळून टाकायचा. आणि शेवटी एक कलम: वादीने आपल्या घरच्या प्रत्येक कार्याचे आवतन प्रतिवादीस घरी येऊन द्यावे, मोबाइलवर देऊ नये.

जजसाहेबांनी ते दोनदा वाचलं. “हे कलम कोणी घातलं?”

दादारावांच्या वकिलांनी कसनुसं तोंड करून अशिलाकडे पाहिलं.

“दादाराव, डिक्री अशी पाहिजे की तिची अंमलबजावणी करता आली पाहिजे. उद्या यांनी आवतन नाही दिलं, तर तुम्ही अंमलबजावणीची दरखास्त लावाल. मग मी काय करू? बेलीफच्या हातात कुंकू देऊन पाठवू?”

पट्टेवाल्यासकट सगळं कोर्ट हसलं. बेलीफ म्हणजे कोर्टाचे हुकूम बजावणारा माणूस, तोही दारात उभा राहून हसत होता. दादाराव मात्र हसले नाहीत. “मंग ते कलम नसन तं मी सही करत नाई,” म्हणाले आणि पेन खाली ठेवलं.

आता आली का पंचाईत? एवढं जुळत आलेलं गाडं आवतनावर अडलं. दोन्ही वकील एकमेकांकडे पाहत होते. तेव्हा कुंदाबाई उठली. तिनं पिशवीतून कुंकवाची डबी आणि अक्षतांची पुडी काढली. सकाळपासून पिशवीत घेऊन बसली होती म्हणे, पण कोर्टात असं करतात की नाही, या भीतीनं गप होती. ती दादारावांपुढे गेली.

“मामाजी, लेकीचं लगन हाय. काकूले घरी येऊन कुंकू लावीनच. पन पयलं आवतन तुमचं. चुलीसकट समदे या. तुमी आल्याबिगर वरात त्या रस्त्यानं आत नाई घेनार मी.”

दादारावांनी कपाळ पुढे केलं. अक्षता घेतल्या, खिशात ठेवल्या, डोळे पुसले. मग पेन उचललं आणि स्वतःच ते कलम आडवं खोडलं. जजसाहेब तेवढा वेळ खाली मान घालून काहीतरी लिहीत होते. काय लिहीत होते कोण जाणे, पान कोरंच दिसत होतं.

लग्नाचं आवतन मलाही आलं, घरी येऊन. वरात यायच्या आधी मी दादारावांच्या ओसरीवर बसले होते. शांताकाकूंनी ताट वाढलं. पाटोडीचा रस्सा, गरम भात, वर कच्चं तेल. तडजोडीच्या डिक्रीवर सहसा अपील होत नाही, म्हणून मी निर्धास्त जेवले. दोनदा रस्सा घेतला. मग दादारावांनी तोच पितळेचा तांब्या पुढे केला.

“आता तरी घेता ना?”

मी पेला भरून प्याले. गार, गोड पाणी. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, “वकीलबाई, एक सांगू? त्या दिशी तुमी हे पानी पेल्या असत्या ना, तं माहा जीव शांत झाला असता. पाहुनचार झाला म्हनून मी तुमाले नाल्यानंच परत पाठवलं असतं.”

तेव्हापासून जागा पाहायला निघताना मी पाण्याची बाटली मोठी घेते आणि सीनियरचा नियम जास्त इमानानं पाळते.